गोधडीचा वरचा थर शेवटी का उरतो?

परवा चुडावा गावात शेजारच्या काकू मशीनवर शिवलेली गोधडी घेऊन आल्या. सुरुवातीला कडा बरोबर जुळलेल्या, पण शेवटी वरचं लुगडं चार बोटं जास्त उरलेलं! मधे चुण्या पडल्या त्या वेगळ्याच.

चूक काकूंची नाही. साध्या मशीनमध्ये खालचे दाते फक्त खालचं कापड ओढतात. वरच्या कापडावर फूट (कापड दाबून धरणारा पाय) दाबून असतो, म्हणून ते मागं रेंगाळतं. थर जितके जाड, तितका फरक मोठा.

यावरचा एक उपाय म्हणजे वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही सोबत सरकवणारा फूट. तो वेगळा विकत घेऊन बसवायचा.

दुसरा उपाय काही मशीनमध्ये आधीपासूनच असतो. जर्मनीच्या फाफ कंपनीने १९६८ मध्ये अशी सोय आणली. फूटच्या मागे एक छोटा दांडा असतो. तो खाली घेतला की वरचं कापडही दात्यांच्या तालावर सरकतं. नको तेव्हा वर उचलून ठेवायचा.

फायदा गोधडीपुरताच नाही. चौकडी जुळवताना, मखमल किंवा निसटतं रेशीम शिवतानाही तो कामी येतो.

साधी मशीन असेल तर मी असं करते:
• आधी हाताने कच्चे टाके
• फूटचा दाब कमी
• टीप जरा लांब
• सुरुवात मधून, मग कडेकडे

हाताच्या धावदोऱ्याला मात्र ही अडचणच नाही. सुई सगळे थर एकदमच धरते. आपल्या आज्या उगाच हातानं शिवत नव्हत्या!

तुमची मशीन कुठं अडते? कमेंटमध्ये विचारा.