तडा अडविणारे सिरॅमिक

चिनी मातीची बशी हातातून निसटली की तिचे तुकडे होतात. एकदा सुरू झालेला तडा थोपविण्याची सोय अशा पदार्थांत नसते. झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियम धातूचे ऑक्साइड, याला अपवाद ठरले.

हे ऑक्साइड सुमारे २७०० अंश सेल्सिअसला वितळते. परंतु शुद्ध स्वरूपात त्याची वस्तू टिकत नाही. भट्टीतून निवताना हजार अंशांच्या आसपास त्याची स्फटिकरचना बदलते, आकारमान ३ ते ५ टक्क्यांनी वाढते व वस्तू भंगते. मॅग्नेशिया, कॅल्शियम ऑक्साइड किंवा इट्रिया मिसळल्यास हा बदल टळतो. मात्र ही मिसळ मुद्दाम अपुरी ठेवली, तर काही कण दबा धरून बसल्यासारखे जुन्याच रचनेत राहतात. तड्याचे टोक जवळ येताच ते रचना बदलून फुगतात आणि त्यांच्या दाबाने तड्याची वाट अडते. ऑस्ट्रेलियातील गार्व्ही, हॅनिंक व पॅस्को यांनी १९७५ साली हे दाखवून दिले आणि या पदार्थाची तुलना थेट पोलादाशी केली.

तारा ओढण्याच्या डाय, सुऱ्यांची पाती यांसाठी तो वापरला जातो. इट्रियायुक्त झिर्कोनियाचे गोलक खुब्याच्या कृत्रिम सांध्यातही बसविण्यात आले. परंतु उबदार ओलाव्यात हे कण तड्यावाचूनही हळूहळू फुगू शकतात, आणि भाजणीत थोडी कसूर राहिली तरी हा धोका वाढतो. भट्टीची पद्धत बदलल्यानंतर तयार झालेल्या काही खेपांतील गोलक रुग्णांच्या शरीरातच फुटू लागले. २००१ मध्ये ते बाजारातून परत घ्यावे लागले.