आपलंच दार, भाड्याने

आमच्या सोसायटीचा जुना डीव्हीआर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, गेल्या महिन्यात भंगारात निघाला. त्याच्या जागी जे येणार आहे त्याचं कोटेशन माझ्यासमोर आहे. कॅमेरे जवळजवळ फुकट, केबल नाही, डबा नाही, हार्डडिस्क नाही. फक्त दर कॅमेऱ्यामागे दरमहा ठरलेली रक्कम, ती मात्र कायमची. हप्ता थांबला की मागचं रेकॉर्डिंग दिसणं थांबलं. समितीतल्या तरुण मंडळींना हे फार पसंत पडलं. "काका, हार्डडिस्क कोण ठेवतं आता?" असं एकाने मला विचारलंही. हिंजवडीत उमेद घालवल्यावर आपल्याच जिन्यात कोण चढलं हे पाहायला भाडं मोजायचं, हे मला झोंबलं. म्हणून हा मागोवा.

सुरुवातीची वर्षं झटपट उरकतो, कारण कॅमेऱ्याच्या दृष्टीने त्यांत काही घडलं नाही. हिंजवडी म्हणजे तेव्हा शेतं, म्हातोबाचं देऊळ आणि चैत्रातलं बगाड. साखर कारखान्यासाठी ठरलेली जागा आयटी पार्ककडे कशी वळवली, हा किस्सा शरद पवारांनी इतक्या सभांत सांगितला आहे की पुन्हा सांगण्यात हशील नाही. कॅमेरा दिसायचा तो बँकेत नाहीतर लक्ष्मी रोडवरच्या सराफाकडे, आणि तोही गिऱ्हाइकाला धाक म्हणून. मग 26 नोव्हेंबर 2008 नंतर सीएसटी स्थानकातल्या हल्ल्याची दृश्यं घरोघरी टीव्हीवर फिरली. 13 फेब्रुवारी 2010 ला जर्मन बेकरीत आणि 1 ऑगस्ट 2012 ला जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले. पुण्यात चौकाचौकांत सरकारी कॅमेरे बसवण्याच्या कामाने जोर धरला आणि सोसायट्यांच्या सभांत 'आपणही बसवू' हा विषय कायमचा येऊन बसला.

आमच्याकडे तर तो येणारच होता. गाव ग्रामपंचायतीत, उद्योग एमआयडीसीत, पोलीस ठाणं आधी पुणे शहराकडे आणि 15 ऑगस्ट 2018 पासून नव्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. आपल्याला वाली कोण, हे इथल्या माणसाला चटकन सांगता येत नाही. ती पोकळी कॅमेऱ्याने भरायची, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं.

2011 ते 2021 हे दशक मी जवळून पाहिलं. बिल्डरच्या माहितीपत्रकात 'चोवीस तास सीसीटीव्ही' छापलेलं होतं. प्रत्यक्षात फाटकावर दोन डोम आणि लिफ्टजवळ एक रिकामं कवच मिळालं. तेव्हाच्या चेअरमनसाहेबांनी तीन कोटेशनं मागवली आणि सगळ्यांत खालचं निवडलं, वर त्याला 'पारदर्शक प्रक्रिया' म्हणाले. विक्रेत्याने 700 टीव्हीएलचे कॅमेरे विकले. लाईव्ह चित्र स्वच्छ दिसायचं, समिती खूश. चोरी झाल्यावर मागचं काढून पाहिलं तर चोराच्या तोंडाच्या जागी सहा-सात चौकोन! डीव्हीआर डी-वनचा, म्हणजे 704 बाय 576 चा, म्हणून विकला होता. पण सगळे चॅनल एकदम भरले की त्याचं रेकॉर्डिंग निमूट सीआयएफवर, 352 बाय 288 वर उतरायचं. ही गोष्ट कोटेशनच्या कोणत्याच ओळीत नव्हती. दाखवायचं एक आणि साठवायचं दुसरं, ही या धंद्याची जुनी खोड आहे. आज फक्त तिचं रूप बदललं आहे.

यातून आम्हाला बाहेर काढलं ते माणच्या एका पोराने. आयटीआय केलेला, वडिलांची जमीन एमआयडीसीत गेलेली, दुचाकीला शिडी बांधून फिरणारा. भिंतीला ड्रिल लावायच्या आधी तो एकच विचारायचा, "सर, नक्की काय बघायचंय? कोणी आलं का, कोण आलं, का गाडीचा नंबर?" तिन्हींना लेन्स वेगळी लागते, हे आम्हाला त्याने शिकवलं. 2.8 मिलिमीटरची लेन्स अख्खं पार्किंग दाखवते, पण लांबचा चेहरा ओळखू येत नाही. दाराशी उभ्या माणसाला ती पुरते. फाटकावर 6 मिलिमीटरची किंवा त्याहून मोठी हवी. रात्री हेडलाइटच्या झोतात नंबरप्लेट पांढरी फटक पडते, तिच्यासाठी वेगळा कॅमेरा, वेगळा कोन. चेअरमनसाहेबांना एकाच कॅमेऱ्यात सगळं हवं होतं. त्यांनी 2.8 चे सरसकट घेतले आणि पुढची तीन वर्षं आमच्या पार्किंगचं सुंदर निसर्गदृश्य रेकॉर्ड होत राहिलं.

त्याच पोराबरोबर मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जात असे. 2011 च्या पावसाळ्यानंतर थायलंडमध्ये पूर आला, तिथले हार्डडिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि गल्लीतल्या दुकानदाराने मला शांतपणे जवळजवळ दुप्पट भाव सांगितला. स्वस्त कॅमेऱ्यातला महाग भाग कोणता, हे त्या दिवशी कळलं. हिशोब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा जुन्या एच.264 पद्धतीने सेकंदाला चार मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला सुमारे 43 जीबी होतात. असे चार कॅमेरे एक टेराबाइटची डिस्क सहा दिवसांत भरतात आणि सातव्या दिवशी पहिला दिवस पुसला जातो. एच.265 ने तोच मुक्काम साधारण दुप्पट होतो. गावाला पंधरा दिवस जाणाऱ्याने मेगापिक्सेल नंतर विचारावेत. आधी 'बॅकअप किती दिवसांचा?' हे विचारावं.

2012 च्या शेवटी एचडीसीव्हीआय आलं, 2014 मध्ये त्याची भावंडं आली, आणि भिंतीत आधीच ओढलेल्या त्याच थ्री-प्लस-वन केबलवरून स्वच्छ एचडी चित्र येऊ लागलं. कॅमेरे आणि डबा बदलायचा, भिंत फोडायची नाही. सामान्य माणसाच्या फायद्याची एवढी सरळ सुधारणा या धंद्यात मी पुन्हा पाहिली नाही. ते आमचे चांगले दिवस. चार कॅमेरे, एक डबा, पर्पल किंवा स्कायहॉक जातीची पाळतीसाठीची डिस्क, डब्याला छोटा यूपीएस. एवढ्यात काम व्हायचं. मुळशीकडून येणारा पाऊस बीएनसीच्या जोडांत शिरू नये म्हणून प्लॅस्टिकची जंक्शन बॉक्स आणि रात्रीच्या इन्फ्रारेडभोवती जमणारी कोळ्याची जाळी काढायला महिन्यातून एकदा झाडू, ही त्या पोराची ताकीद. जाळ्यावर उजेड परतला की नाइट व्हिजनमध्ये फक्त धुकं दिसतं.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि कॅमेरा खिशात आला. आमचे इंजिनियर मीटिंगमध्ये बसून कामवाली किती वाजता आली हे पाहू लागले. चोर मात्र कोणी पाहत नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइटी काही तास कोलमडल्या. मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरचे डीव्हीआर आणि कॅमेरे त्यांच्या कारखान्यातल्या पासवर्डांनी उघडून त्यांचीच फौज केली होती. आयटी पार्कच्या कुशीतल्या आमच्या सोसायटीच्या डब्याचा पासवर्ड तेव्हा 'अॅडमिन' होता. मी सभेत विषय काढला. "आपल्या जिन्यात बघण्यासारखं आहे काय?" असं विचारून सेक्रेटरींनी तो निकालात काढला.

29 जानेवारी 2017 ला हिंजवडीतल्या एका आयटी कार्यालयात एका तरुण इंजिनियर मुलीचा खून झाला आणि अटक झाली ती तिथल्या सुरक्षारक्षकाला. सगळा परिसर हादरला. आमच्या पुढच्याच बैठकीत आणखी कॅमेऱ्यांचा ठराव एकमताने झाला. रक्षकांची पडताळणी कोण करतं, त्यांच्या पाळ्या किती तासांच्या, रविवारी एकटी बसलेली मुलगी हाक कोणाला मारणार, यांतल्या एकाही प्रश्नाला वेळ उरला नाही. माणसांची व्यवस्था लावायची वेळ आली की आम्ही वस्तू विकत घेतो. त्या रात्रीपासून मला कॅमेऱ्यांपेक्षा कॅमेऱ्यांच्या ठरावांची जास्त धास्ती वाटते.

2018 मध्ये शाओमीचा मान फिरवणारा वायफाय कॅमेरा आला आणि पाठोपाठ टीपी-लिंक वगैरेंचे. दोन-तीन हजारांत खोका उघडा, कार्ड घाला, चालू. फ्लॅटच्या आतल्या एका खोलीसाठी तो आजही सगळ्यांत स्वस्त आणि पुरेसा आहे, हे मी नाकारत नाही. 2020 च्या टाळेबंदीत शेजारी गावाकडे निघून गेले आणि तिथून बंद फ्लॅट पाहत बसले, राउटरची वीज जाईपर्यंत. पण शिडीवाल्याचा धंदा त्या खोक्याने मोडला. पोरगा आता सोलर पॅनल बसवतो. त्याच्याबरोबर 'नक्की काय बघायचंय?' हा प्रश्नही गेला. अॅप तो विचारत नाही.

मग घरोघरी दारावर कॅमेरा झाला. आमच्या समोरच्यांचा माझ्या दाराकडे रोखलेला आहे. त्यांच्या घरी कुरिअर कधी आलं हे त्यांना ठाऊक नसतं, आमच्याकडे पाहुणे किती हे असतं. फेब्रुवारी 2025 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने घराच्या राहत्या भागात सहरहिवाशांच्या संमतीविना कॅमेरे चालवता येणार नाहीत असं सांगितलं आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. ते प्रकरण एका घरातल्या भावांचं होतं. समोरासमोरच्या दारांचं काय, हे आमच्या समितीने दोन ओळींत लिहून काढलं असतं तरी पुरलं असतं. कोणी लिहिलं नाही. आणि चोरीनंतर फुटेज मागायला जावं तर अर्ज, सेक्रेटरी, पासवर्ड असणारा सभासद परगावी. सातबारा काढणं सोपं!

सरकारला जाग आली, पण उशिरा. एप्रिल 2024 च्या अधिसूचनेनुसार 9 एप्रिल 2025 पासून नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचणीला उतरावं लागतं; सोर्स कोडसुद्धा प्रयोगशाळेपुढे ठेवावा लागतो. मिराईनंतर नऊ वर्षांनी का होईना, नियम योग्य आहे. तपकीर गल्लीतली अगदी स्वस्त मॉडेलं त्यानंतर दिसेनाशी झाली, भाव चढले, आणि ही फट पाहूनच मासिक भाड्याचं कोटेशन आमच्या दारात आलं. 'कॅमेरा महाग झालाय, घेऊ नका, आमच्याकडून वापरा.'

इथे माझं भांडण आहे. जुलै 2025 मध्ये अतिउच्चदाबाच्या भूमिगत वाहिनीत बिघाड होऊन हिंजवडीचा मोठा भाग अंधारात गेला, तेव्हा यूपीएसवरचा म्हातारा डबा काही तास तरी लिहीत राहिला. वायफायवर विसंबलेल्यांचे फोन 'ऑफलाइन' एवढंच सांगत होते. दुसरं, पुराव्याचं. जालन्याच्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निवडणूक खटल्यात, उमेदवारी अर्ज भरतानाच्या व्हिडिओंवरून, सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 ला स्पष्ट केलं की मूळ यंत्र हजर नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या साक्ष अधिनियमात त्यावर हॅश मूल्य आणि तज्ज्ञाचा भागही आला. डबा आपल्या खोलीत असला तर यंत्र आपलं, सही आपली. भाड्याच्या ढगातल्या चित्रणावर सही कोण करणार, हे कोटेशनमध्ये नाही. टीव्हीएलच्या वेळी सीआयएफ नव्हतं, तसंच.

म्हणून येत्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे. चार-सहा चाचणी उतरलेले वायरवाले कॅमेरे, लेन्स जागा पाहून. डबा आणि राउटर सोसायटीच्या खोलीत, यूपीएसवर. बॅकअप किमान पंधरा दिवसांचा. पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे आणि फुटेज दाखवल्याची नोंदवही. कोणाचाही कॅमेरा दुसऱ्याच्या दारावर नाही. वाचलेल्या भाड्यातून आधी जिन्यातले बंद दिवे आणि रात्रपाळीचा दुसरा वॉचमन. तरुण मंडळी विरोधात जातील, चेअरमन विषय पुढे ढकलू पाहतील, हे धरूनच चाललो आहे. सूचक मी आहे. अनुमोदक हवा आहे.