चार्जिंगचा कंदील लवकर का निकामी होतो?

वीज गेली की कपाटावरचा चार्जिंगचा कंदील खाली येतो. बटण दाबावे तर तो पेटतच नाही, किंवा दहा मिनिटांत मंद होऊन विझतो. विकत घेऊन वर्षही झालेले नसते. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याचा रात्रीचा अभ्यास ज्या घरात या उजेडावर अवलंबून असतो, तेथे हे नुकसान लहान नाही. 'हल्लीच्या वस्तू टिकतच नाहीत' असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु पुष्कळदा कंदील वापरामुळे बिघडत नाही, तर उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्यामुळे बिघडतो. असे का होते ते पाहू या.

आत कोणती बॅटरी आहे?

हातात घेतल्यावर जड लागणाऱ्या कंदिलात बहुधा शिसे-आम्ल बॅटरी असते. फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली शोधलेल्या विद्युतघटाचेच हे बंदिस्त रूप आहे. अशा एका घटाचे विभवांतर सुमारे २ व्होल्ट असते. त्यामुळे बॅटरीवर ४ व्होल्ट (दोन घट) किंवा ६ व्होल्ट (तीन घट) असे छापलेले दिसते. हलक्या, नव्या कंदिलांत लिथियम बॅटरी असते व तिच्यावर ३.७ किंवा ३.२ व्होल्ट असा आकडा असतो. दोघींची निगा वेगळी असल्याने हा आकडा आधी वाचावा.

खडीसाखर आणि पिठीसाखर

शिसे-आम्ल घटात एक पट्टी शिशाची, दुसरी लेड डायऑक्साइडची आणि मध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल असते. कंदील पेटलेला असताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते, आम्ल खर्ची पडते आणि पाणी निर्माण होते. चार्जिंग करताना हीच क्रिया उलट दिशेने घडते.

नुकतेच तयार झालेले लेड सल्फेट बारीक कणांच्या रूपात असते. ते चार्जिंगच्या वेळी सहज परत फिरते. परंतु बॅटरी उतरलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे राहिली, तर या कणांचे हळूहळू मोठे, कठीण स्फटिक बनतात. पिठीसाखर पाण्यात चटकन विरघळते, खडीसाखरेचा खडा मात्र बराच वेळ तसाच राहतो. येथेही तसेच होते. मोठे स्फटिक चार्जिंगला दाद देत नाहीत, पट्टीचा तेवढा भाग कायमचा निरुपयोगी होतो आणि बॅटरीची धारकता घटते.

म्हणून पहिला नियम असा : कंदील रात्री वापरला की दुसऱ्याच दिवशी चार्जिंगला लावावा, मग तो अर्धा तास वापरलेला असो की चार तास. उजेड मंद होऊ लागताच तो बंद करावा. पूर्ण विझेपर्यंत चालू ठेवू नये.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'बॅटरी पूर्ण उतरवून मगच चार्ज करावी' असा सल्ला अनेकजण देतात. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांसाठी होता. शिसे-आम्ल बॅटरीला तो घातक आहे, आणि लिथियम बॅटरीलाही त्याचा उपयोग नाही.

किती वेळ चालेल, किती वेळ चार्ज करावा?

समजा, बॅटरीवर '६ व्होल्ट, ४.५ अँपिअर-तास' असे लिहिले आहे. दोन्ही आकड्यांचा गुणाकार २७ वॉट-तास. ३ वॉटचा एलईडी दिवा यावर ९ तास चालावा. प्रत्यक्षात काही ऊर्जा वाया जात असल्याने सात-आठ तास धरावेत. जुन्या कंदिलातली ६ वॉटची छोटी नळी मात्र जेमतेम चार तास चालते. पांढऱ्या एलईडीमुळे हा फरक पडला. तो ज्या निळ्या एलईडीमुळे शक्य झाला, तिच्यासाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

साध्या चार्जरमध्ये बॅटरीच्या धारकतेच्या सुमारे एक दशांश, म्हणजे येथे ०.४५ अँपिअर प्रवाह ठेवतात. हिशोबाने १० तास, पण चार्जिंगमध्येही थोडी ऊर्जा वाया जात असल्याने १२ ते १४ तास लागतात. स्वस्त कंदिलांतला लाल दिवा अनेकदा 'वीज जोडलेली आहे' एवढेच सांगतो. बॅटरी भरली की नाही, हे तो सांगत नाही. भरल्यावर आपोआप बंद होण्याची सोय नसेल, तर कंदील दिवसेंदिवस प्लगला लावून ठेवू नये. जास्तीच्या प्रवाहाने पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन तयार होतात, बॅटरी कोरडी पडते व फुगते. म्हणून चार्जिंगही हवेशीर जागी करावे.

सुट्टीत काय करावे?

नुसती ठेवलेली शिसे-आम्ल बॅटरीही हळूहळू उतरते. २५ अंश सेल्सिअसला महिन्याला सुमारे ३ टक्के प्रभार कमी होतो आणि तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात काय होत असेल, याची कल्पना करावी. शाळेचे कंदील सुट्टीपूर्वी पूर्ण चार्ज करून थंड जागी ठेवावेत व दर दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावेत. लिथियमचे मात्र वेगळे आहे. ती पूर्ण भरून उष्ण जागी ठेवल्यास लवकर म्हातारी होते. दीर्घकाळ ठेवताना निम्मी भरलेली बरी. ती फुगलेली दिसली तर पुन्हा चार्जिंगला लावू नये.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

६ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज करून प्लग काढावा व दोन तास तशीच ठेवावी. मल्टीमीटरने विभवांतर मोजावे. चांगल्या बॅटरीत ते ६.४ व्होल्टच्या आसपास येते. मग दिवा लावून दर अर्ध्या तासाने नोंद घ्यावी आणि वेळ व विभवांतर यांचा आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. बराच वेळ रेषा मंद उताराने जाते आणि शेवटी एकदम खाली कोसळते. ५.२५ व्होल्टला प्रयोग थांबवून लगेच चार्जिंग करावे. नव्या व जुन्या बॅटरीचे आलेख शेजारी ठेवले, तर धारकता किती घटली हे आकड्यांत दिसते.

कंदील शिक्षकांनीच उघडावा, आणि तोही प्लग काढल्यावरच. अनेक स्वस्त चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. प्लग जोडलेला असताना आतल्या कोणत्याही तारेला घरातल्या विजेचा धक्का बसू शकतो. बॅटरीची दोन टोके एकमेकांना जोडली जाऊ देऊ नयेत. तार तापून भाजू शकते.

निकामी बॅटरी मुलांना फोडू देऊ नये. शिसे विषारी आहे व आम्ल त्वचा जाळते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा ती दुकानात किंवा संकलन केंद्रात द्यावी. कंदिलाचा दिवा व चार्जर शाबूत असतील तर तशीच नवी बॅटरी बसवून तो पुन्हा वापरता येतो. मात्र शिसे-आम्लाच्या जागी लिथियम बॅटरी बसवू नये, कारण दोघींचे चार्जर वेगळे असतात.