बटाट्याच्या फोडीतले रसायन

अकरावीच्या प्रवेशावेळी 'गणित की जीवशास्त्र?' असे विचारले जाते. रसायनशास्त्राची ओढ असलेल्या मुलाने गणित निवडले, की सजीवांविषयीचे त्याचे कुतूहल तिथेच राहते. तसे राहू नये असे आम्हाला वाटते. त्यासाठी एक बटाटा पुरेल. घोडेगावच्या शाळेत तो आणणे मुळीच अवघड नाही. आंबेगाव तालुक्यातले सातगाव पठार बटाट्यासाठी प्रसिद्धच आहे.

एक कच्ची फोड आणि एक उकडून गार केलेली फोड घेऊ. दोन्हींवर औषधांच्या दुकानातल्या सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकू. कच्ची फोड फसफसते, कारण ऑक्सिजन सुटतो. उकडलेली तशीच राहते. उकडल्याने मूलद्रव्ये तर बदलली नाहीत, मग बिघडले काय? कच्च्या फोडीत कॅटॅलेज हे विकर असते. विकर म्हणजे प्रथिन. उष्णतेने त्याच्या साखळीची घडी मोडते आणि त्याचे काम थांबते. कॅटॅलेजच्या गाभ्यात, हिमोग्लोबिनप्रमाणेच, लोह असते.

अशा लोहयुक्त प्रथिनांकडे कमला भागवत (पुढे सोहोनी) वळल्या त्या रसायनशास्त्रातूनच. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून तो दिला. तेथे श्रीनिवासय्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळींतील प्रथिने अभ्यासली. पदवी रसायनाची आणि पदार्थ स्वयंपाकघरातले!

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्येच प्राणी, यीस्ट आणि वनस्पती या सर्वांत सायटोक्रोम असल्याचे दाखवले होते. सायटोक्रोममधले लोह इलेक्ट्रॉन घेते आणि पुढे देते. कधी त्याची संयुजा दोन, कधी तीन. अखेर हे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचतात आणि पाणी बनते. हा शेवटचा टप्पा घडवणारे सायटोक्रोम ऑक्सिडेज सपुष्प वनस्पतींतही असते, हे कमलाबाईंनी रॉबिन हिल यांच्यासह दाखवले. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. बटाट्याची पेशी आणि आपला स्नायू, दोघेही ऑक्सिजन मुख्यतः याच वाटेने वापरतात.

काढून ढीग लावलेला बटाटाही श्वसन करीतच असतो. हवा न खेळणाऱ्या ढिगात खोलवर हात घातला, तर आत ऊब लागते.