वासाचा माग

उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर गावी राहून तुम्ही घरी परत आला आहात. वडील कुलूप काढतात, दार करकरत उघडते, आणि पहिले पाऊल आत पडते न पडते तोच एक चमत्कारिक वास नाकात शिरतो. "आधी खिडक्या उघडा!" असे आई म्हणते. दहा-पंधरा मिनिटे गेली की, तो वास नाहीसा झाला असे तुम्हांला वाटते. वास्तविक तो बहुधा गेलेला नसतो. तुमच्या नाकाला त्याची सवय झालेली असते. एकच वास सतत येत राहिला म्हणजे नाक त्याची दखल घेणे सोडून देते. म्हणूनच आपल्या घराचा वास आपल्याला कळत नाही. पाहुण्याला मात्र तो उंबरठ्यावरच कळतो आणि तो बिचारा भिडेखातर बोलत नाही.

वास म्हणजे काही केवळ भास नव्हे. ज्या वस्तूचा वास येतो, तिचे अतिसूक्ष्म कण हवेत उडालेले असतात आणि ते श्वासाबरोबर नाकात शिरून तेथील मज्जातंतूंना जाऊन भिडतात. याचा अर्थ असा की, जेथे दुर्गंधी आहे तेथे ती सोडणारी एखादी वस्तूही असलीच पाहिजे. ती वस्तू जागच्या जागी ठेवून उदबत्ती लावली, तर हवेत दोन्ही प्रकारचे कण फिरू लागतात एवढेच. घाण तशीच राहते, फक्त नाक फसते.

आपल्या मराठी भाषेने वासांना मोठ्या विचाराने नावे दिली आहेत. दमट कपड्यांचा वास कुबट, जुन्या तेलाचा खवट, नासलेल्या दुधाचा आंबूस, मासळीचा हिवस, आणि पातेले खाली लागले की येतो तो करपट. यांतील प्रत्येक शब्द म्हणजे अर्धे निदानच होय. नुसते "घाण वास येतो" असे म्हणणाऱ्यापेक्षा "कुबट वास येतो" असे म्हणणाऱ्या मुलाला उपाय लवकर सापडतो. कारण कुबटपणा हे बुरशीचे काम आहे आणि बुरशीला जगण्यासाठी ओल लागते. पावसाळ्यात ट्रंकेत दाबून ठेवलेल्या रजया, भिंतीला चिकटून असलेले कपाट, ओल्या पायांनी काढून ठेवलेले बूट, या तिच्या आवडत्या जागा. डांबरगोळ्या असतात त्या कसर रोखण्यासाठी. ओल त्यांनी हटत नाही. तिला ऊन आणि वारा हेच खरे औषध. श्रावणात तासभर ऊन पडले तरी जुन्या काळच्या बायका लगबगीने अंथरुणे अंगणात टाकीत, ती काही उगाच नव्हे.

ऊन नसेल तेव्हा लाकडी कोळसा कामी येतो. कोळशाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात आणि हवेतील वासाचे कण त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसतात. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव व्हावा म्हणून सैनिकांच्या मुखवट्यांत खास तयार केलेला कोळसा भरीत असत, तो याच गुणामुळे. आपला चुलीतला कोळसा इतका समर्थ नसतो; तरी कपाटाच्या कोपऱ्यात फडक्यात बांधून ठेवलेले त्याचे चार तुकडे आपले काम मुकाट्याने करतात. मात्र हा कोळसा न पेटवलेला हवा. बंद खोलीत पेटत्या कोळशाची शेगडी ठेवून कोणी झोपू नये. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा प्राणघातक वायू निघतो आणि त्याला वास मुळीच नसतो!

आता मोरीकडे वळू. सुट्टीहून आल्यावर मोरी कोरडी ठणठणीत असते, तरीही तिच्यातूनच दुर्गंधी येत असते. हे कसे? मोरीच्या जाळीखाली नळाला एक वाक दिलेला असतो. गवंडी त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. त्या वाकात नेहमी थोडे पाणी साचून राहते आणि गटारातील वायूला ते वर येऊ देत नाही. पाण्याचे हे दार १७७५ साली लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने शौचकूपासाठी योजले व त्याचे पेटंट घेतले. महिनाभर घर बंद राहिले की ते पाणी आटते आणि दार उघडे पडते. उपाय काय, तर तांब्याभर पाणी! फिनेलची अख्खी बाटली ओतणाऱ्यांना हे पटत नाही, हा माझा अनुभव आहे.

माझे बालपण कोकणात समुद्रकाठी गेले. मासळी निवडून झाली की माझी आजी हातांना साबण लावीत नसे; भिजवलेले आमसूल किंवा चिंचेचा चोथा तळव्यांवर खसखसून चोळी आणि मग हात धुई. मी तिला कारण विचारले, तेव्हा "आंबटाला हिवस भितो" एवढेच ती म्हणाली. पुढे शास्त्र वाचताना या भीतीचा उलगडा झाला. समुद्रातील माशांच्या अंगात वास नसलेला एक पदार्थ असतो. मासा मेल्यावर सूक्ष्म जंतू त्यापासून ट्रायमिथिलअमाइन नावाचा वायुरूप पदार्थ तयार करतात आणि हिवस वास येतो तो त्याचा. हा पदार्थ आम्लाच्या उलट गुणाचा असतो. चिंच, आमसूल, लिंबू यांतील आम्लाशी त्याची गाठ पडली की, त्याचा क्षार बनतो. क्षार हवेत उडत नाही आणि पाण्याबरोबर निघून जातो. आजीला हे शब्द ठाऊक नव्हते. पण ताजी मासळी कोणती आणि शिळी कोणती, हे ती टोपलीवर वाकताच सांगे.

आंबूस आणि खवट वासांना न्याय उलटा. येथे दुर्गंधीच आम्लाची असते; म्हणून तिच्यावर खाण्याचा सोडा चालतो, पूर्वी राख चाले. राखेने तुपातेलाचा ओशटपणाही सुटतो. शनिवारी शाळेतून आणलेला डबा सोमवारी सकाळी उघडणारे विद्यार्थी माझ्या शाळेत पुष्कळ होते. त्यांनी डबा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवावा आणि झाकण न लावता उन्हात पालथा घालावा. शनिवारीच धुतला तर प्रश्नच नाही.

काही दुर्गंधी मात्र माणसाने मुद्दाम निर्माण केली आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. तो सिलिंडरमधून झिरपला तर कोणाला समजावे कसे? १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावी एका शाळेच्या तळघरात नैसर्गिक वायू असाच नकळत साचला होता. एका विद्युत्-यंत्राची ठिणगी त्याला पुरली. सुमारे ३०० विद्यार्थी व शिक्षक त्या स्फोटात मरण पावले. त्यानंतर टेक्सासने इंधनवायूत उग्र वासाचा पदार्थ मिसळण्याचा कायदा केला. आपल्या सिलिंडरमध्ये एथिल मरकॅप्टन हा पदार्थ अगदी अल्प प्रमाणात असतो. सडक्या कोबीसारखा तो वास एकदा घेतला की विसरत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या काकू चार दिवसांनी गावाहून परतल्या. स्वयंपाकघरात कुजका वास भरला होता. उंदीर मेला असावा असे समजून त्यांनी उदबत्ती घेतली व काडेपेटी उघडली. सहावीत शिकणारा त्यांचा मुलगा ओरडला, "आई, काडी ओढू नकोस! हा गॅस आहे!" त्याने विजेच्या बटणांना हात लावू दिला नाही, कारण बटण दाबताना, मग ते चालू करा वा बंद करा, ठिणगी उडू शकते. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. म्हणून खिडक्यांबरोबर दारेही सताड उघडली. काकूंनी रेग्युलेटर बंद केला, दोघे बाहेर अंगणात आली आणि तेथून त्यांनी १९०६ या मदत क्रमांकावर फोन केला. आलेल्या माणसाने शेगडीमागची रबरी नळी वाकवून दाखवली, तेव्हा तिच्यावरची बारीक भेग सर्वांना दिसली.

नवी नळी बसली, घरात वारा खेळला. मग संध्याकाळी काकूंनी तीच उदबत्ती देवापुढे लावली.