घरचं धुणं

आमच्या लहानपणी रोल धुवायला टाकायचे. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत डबी दिली की पावती मिळायची, चार दिवसांनी फोटोंचं पाकीट. मधल्या चार दिवसांत आत काय चालतं, हे आम्ही कधी विचारलं नाही. गेल्या मे महिन्यात पुण्यातल्या घरी, बाथरूममध्ये, पहिला रोल स्वतः धुतला तेव्हा कळलं की शब्द अगदी चपखल होता. बादली, पाणी, दोरी, चिमटे, आणि मध्येच दार वाजवून "अजून किती वेळ?" विचारणारं कुणीतरी. धुण्याला लागतं ते सगळं इथे लागतंच.

सिनेमे बघून डोक्यात लाल दिवा बसलेला असतो. तो कागदावर प्रिंट काढताना चालतो. आजची बहुतेक ब्लॅक अँड व्हाइट फिल्म मात्र लाल उजेडही टिपते, त्यामुळे अंधार म्हणजे मिट्ट काळोखच हवा. खिडकीला काळा कागद लावला, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला आणि आत बसून राहिलो. पाच मिनिटांनी डोळे सरावले तसा बिजागरीशेजारून उजेडाचा एक दोरा दिसायला लागला. पुन्हा चिकटपट्टी.

अंधारात करायचं काम एकच, पण नवशिक्याचा घाम काढतं ते तेच. बाटली उघडायच्या ओपनरने डबीचं झाकण उचकटायचं, फिल्मचं टोक कापून कोपरे किंचित गोल करायचे, ते प्लॅस्टिकच्या रिळाच्या खाचेत सरकवायचं आणि रिळाच्या दोन्ही बाजू आळीपाळीने मागेपुढे फिरवत दीड मीटरहून थोडी जास्त फिल्म आत ओढून घ्यायची. रीळ ओलसर असेल तर फिल्म अडते. जोर लावला की खाच सोडते, एका वेढ्यावर दुसरा चढतो, आणि चिकटलेल्या जागी औषध पोचतच नाही. मी एक रोल खास वाया घालवला होता. तो आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग गाद्यांच्या खोलीत दिवा मालवून, असा वीस-पंचवीस वेळा भरला. डोळ्यांना या कामात काडीचीही किंमत नाही. अंगठ्याला फिल्मची कड खाचेत बसल्याचं कळायला लागतं, आणि एकदा कळलं की मग विसरत नाही. दादासाहेब फाळके दादरला 'राजा हरिश्चंद्र' करत होते तेव्हा कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून करत, तेही सगळ्या मंडळींचं जेवणखाण सांभाळून. हे पूर्वी नुसतं वाचलं होतं. आता अंगठ्यानेही कळलं.

रीळ छोट्या उजेडबंद टाकीत जाऊन झाकण फिरलं की दिवा लावायचा. पुढचं सगळं उजेडात.

माझा डेव्हलपर डी-७६. कोडॅकची ही १९२७ सालची कृती आजही चालते: लिटरभर पाण्याला मेटॉल २ ग्रॅम, सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. पाणी पन्नास अंशांच्या आसपास गरम लागतं. मेटॉल सल्फाइटच्या दाट पाण्यात विरघळायला कुरकुर करतं, म्हणून आधी सल्फाइटची नुसती चिमूट, मग मेटॉल, मग बाकीचं. हायपोचं, म्हणजे फिल्म पक्की करायच्या औषधाचं, उलटं. त्याचे खडे विरघळताना पाणीच गार पडतं. भर मे महिन्यात मगाला बाहेरून दव आलं होतं. आई म्हणाली, "तुझं औषध फ्रिजपेक्षा बरं आहे रे."

खरी मारामारी तापमानाशी. तक्ते २० अंश धरून लिहिलेले, आणि आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी तेहेतीस. माझ्या एचपी५ फिल्मला डेव्हलपरमध्ये २० अंशांवर साडेसात मिनिटं लागतात, २४ वर साधारण सव्वापाच. त्याहून वेळ कमी झाला तर डाग-पट्टे पडायची भीती. म्हणून मी २४ वर तह केला. परातीत बर्फाचं पाणी, त्यात बाटल्या, हातात काचेचं थर्मामीटर. मग पहिली दहा सेकंद टाकी चार वेळा उलटीसुलटी, बुडबुडे सुटावेत म्हणून ओट्यावर दोन टिचक्या, आणि पुढे दर मिनिटाला तेच. डेव्हलपर ओतून टाकला की पाण्याने एकदा विसळायचं, मग दहा मिनिटं हायपो. वापरलेला हायपो मोरीत ओतू नये. फिल्मवरची नको असलेली चांदी त्यातच उतरलेली असते. मी तो कॅनमध्ये साठवतो.

पहिल्या रोलचं झाकण उघडलं आणि रीळ सोडलं तर फिल्म स्वच्छ. काचेसारखी. छत्तीसच्या छत्तीस फोटो गायब. औषधांचा क्रम चुकला असं समजून मी खाली बसलो. मग कडेकडे लक्ष गेलं: इल्फर्डचं नाव, फ्रेमचे आकडे, सगळं काळंभोर, ठसठशीत. ही अक्षरं कारखान्यातच फिल्मवर उजेडाने उमटवलेली असतात. ती आली म्हणजे डेव्हलपरने चोख काम केलं होतं, कोरी होती ती फिल्मच. कॅमेऱ्यात तिचं टोक दांडीत अडकलंच नव्हतं, आणि मी छत्तीस वेळा मोठ्या तोऱ्यात बटण दाबून हवा टिपत होतो. आता मी रोल भरल्यावर डावीकडची उलटी गुंडाळायची खुंटी बघतो. लिव्हर ओढताना ती फिरली, तरच फिल्म पुढे सरकते आहे.

दुसरा रोल आठवड्याने. हायपोनंतरच्या धुण्यासाठी नळ सोडून ठेवायची गरज नसते. टाकी भरून पाच वेळा उलटायची, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. शेवटी डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, नाहीतर आमच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके सुकल्यावर कायमचे राहतात. फिल्म शॉवरच्या पाइपला टांगली, खालच्या टोकाला वजनाला दोन चिमटे लावले, आणि धूळ उडू नये म्हणून घरात पंखे बंद. मे महिन्यात पंखे बंद ठेवल्याबद्दल जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

दोन तासांनी आई बघायला आली. पट्टी ट्यूबलाइटसमोर धरून तिने गच्चीवरचे पापड शोधले. "जळले की सगळे," म्हणाली. मी सांगितलं, निगेटिव्ह आहे, पांढरं ते काळं दिसतं. ती पुढे सरकली, शेजारच्या फ्रेमवर थांबली. पापड उलटायला वाकलेली ती स्वतः, पांढऱ्या केसांची. पट्टीवर मात्र काळ्याभोर.

"हा असाच छापता येईल का रे?"