औषधालाही कस लागतो

ठाकूरद्वारहून भुलेश्वरकडे जाणाऱ्या एका गल्लीत आमच्या ओळखीचे दागिने घडविणारे एक कारागीर आहेत. ते आपल्या कारखान्यातली धूळ कधी फेकत नाहीत. ती पोत्यात भरून ठेवतात आणि झारेकरी येऊन ती विकत घेऊन जातो. धुळीच्या कणातही सोने असते, हे या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे.

मध्यंतरी आम्ही त्यांच्याकडे बसलो असता त्यांनी एक छापील पत्रक आमच्या हाती दिले. 'नॅनो सोन्याचे पाणी' प्यायल्याने कर्करोग मुळापासून बरा होतो, असा त्यात दावा होता. ते म्हणाले, "साहेब, आपाला डॉक्टरांनी सहा इंजेक्शनं सांगितलीत. दोन झाली. केस गेले, घास उतरत नाही. हे पाणी देऊन पाहावं का? सोनं तर आपल्या हातातलंच आहे."

प्रश्न जिवाचा होता, म्हणून आम्ही लगेच उत्तर दिले नाही. आधी माहिती घेतली. तीच येथे देत आहोत, कारण अशी पत्रके आज अनेक घरांत पोहोचत आहेत, आणि आपल्यापैकी काही दुकानदारांना ही बाटली विकायला ठेवा म्हणून गळही घातली जात आहे.

पहिली गोष्ट, सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर खरोखरच संशोधन झाले आहे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. शंभर नॅनोमीटरहून लहान कणाला साधारणपणे नॅनोकण म्हणतात. मिठाईवरचा वर्ख आपल्याला फुंकरीने उडण्याइतका पातळ वाटतो, पण हे कण त्या वर्खाच्या जाडीहूनही पुष्कळ लहान. इतके लहान झाले की धातूचे गुण बदलतात. वीसेक नॅनोमीटरचे सोने पाण्यात पिवळे नव्हे, माणकासारखे लाल दिसते.

या क्षेत्रात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने मोठे काम केले. तेथील डॉ. मुरली शास्त्री आणि डॉ. अबसार अहमद यांच्या गटाने असे कण तयार करण्यासाठी बुरशीला कामाला लावले. डॉ. अहमद हे जीवरसायन विभागातले. त्यांच्या कामाचा क्रम पाहिला, तर शास्त्रज्ञाचा धंदाही कारागिराइतकाच धीराचा असतो, हे लक्षात येते.

सोने तेजाबात विरघळवून शुद्ध करण्याची रीत आपल्या कारागिरांना माहीत आहे. प्रयोगशाळेतही सुरुवात तेथूनच होते. विरघळलेल्या सोन्याचा क्षार पाण्यात घ्यायचा आणि त्यातून सोने पुन्हा बाहेर काढायचे, मात्र ते ढेकूळ न होता सूक्ष्म कणांच्या रूपात यावे. त्यासाठी एरवी तिखट रसायने लागतात. बुरशी हेच काम आपल्या प्रथिनांच्या बळावर साध्या पाण्यात करते, आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांवर प्रथिनांचे वेष्टणही चढवते.

२००१ साली या गटाने व्हर्टिसिलियम नावाच्या बुरशीकडून चांदीचे कण मिळविले. अडचण अशी की ते बुरशीच्या पेशींतच अडकून राहात. ते बाहेर कसे काढायचे? मग २००२ आणि २००३ मध्ये फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी त्यांनी वापरली. हरभऱ्यावर आणि केळीवर मर रोग आणणारी हीच ती बुरशी. शेतकऱ्याची ही वैरीण प्रयोगशाळेत उपयोगी पडली. तिने सोन्याचे आणि चांदीचे कण पेशींबाहेर, पाण्यातच तयार करून दिले.

२००४ साली याच गटाने गवती चहाच्या पाल्याच्या अर्काने सोन्याचे सपाट त्रिकोणी कण बनविले. त्रिकोणी आकारामुळे हे कण अवरक्त किरण शोषून घेतात. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा मांसात अधिक खोल शिरतात. असे कण गाठीत पोहोचविले आणि बाहेरून किरण सोडले, तर कण तापतील आणि गाठीतल्या पेशी जळतील, अशी ही कल्पना आहे. पत्रक छापणाऱ्यांनी 'नॅनो सोने' हा शब्द अशाच संशोधनातून उचलला असावा. पण त्या कल्पनेत सोने नुसते पिऊन काही होत नाही. ते गाठीपर्यंत न्यावे लागते आणि तेथे बाहेरून तापवावे लागते.

डॉ. अहमद यांचे पुढचे काम कर्करोगाच्या आणखी जवळ गेले. ज्यांच्या घरात या आजाराचा रुग्ण आहे, त्यांनी 'कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय' हे शब्द ऐकलेच असतील. त्या वेळी शिरेतून जे औषध देतात, त्यात बहुधा गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. तो चुंबकाच्या क्षेत्रात आजूबाजूच्या पाण्यावर परिणाम करतो, त्यामुळे चित्रात गाठ उठून दिसते. हा धातू मोकळा राहिला तर विषारी असतो, म्हणून तो रसायनात घट्ट बांधून देतात. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांना काही जुन्या प्रकारच्या कॉन्ट्रास्टमुळे कातडी घट्ट होण्याचा आजार झाल्याचे २००६ साली उघड झाले. म्हणून अशा रुग्णाने तपासणीपूर्वी आपला विकार डॉक्टरांना अवश्य सांगावा.

उष्ण जागी वाढणाऱ्या ह्युमिकोला या बुरशीकडून डॉ. अहमद यांच्या गटाने गॅडोलिनियम ऑक्साईडचे कण करून घेतले. ते शरीरात कोठे जातात हे पाहण्यासाठी त्यांना टेक्नेशियम हा किरणोत्सारी धातू जोडून उंदरांत सोडले. टेक्नेशियमचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो, त्यामुळे माग काढण्यास तो सोयीचा. शेवटी या कणांना टॅक्सॉल हे कर्करोगाचे औषध जोडले. हे काम २०१४ साली प्रसिद्ध झाले. एकाच कणाने गाठ दाखवावी आणि त्याच कणाने तिच्यावर औषध सोडावे, हा अशा कामामागचा विचार. डॉ. अहमद पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या नॅनोतंत्रज्ञान केंद्रात गेले.

बुरशीतल्या चांदीपासून टॅक्सॉल जोडलेल्या कणापर्यंत तेरा वर्षे गेली. आणि तेथेही आपल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते काम प्रयोगशाळेत आणि उंदरांत झाले. तो उपचार नव्हे, उपचाराच्या दिशेने टाकलेले पाऊल होते.

मग हे पाऊल रुग्णाच्या खाटेपर्यंत कधी पोहोचतच नाही काय? पोहोचते. टॅक्सॉलचेच पाहा. एका झाडाच्या सालीतून हे द्रव्य शोधून १९७१ साली त्याची रचना जगापुढे मांडणाऱ्या दोघांपैकी एक, डॉ. मनसुख वाणी, हे आपल्या नंदुरबारचे आणि मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी. अमेरिकेत या औषधाला १९९२ साली परवानगी मिळाली, म्हणजे रचना मांडल्यानंतर एकवीस वर्षांनी. टॅक्सॉल पाण्यात विरघळत नाही. ज्या तेलकट द्रव्यात ते मिसळून देत, त्याने काहींना जोरदार अ‍ॅलर्जी होई. तेव्हा ते प्रथिनात बांधून सुमारे १३० नॅनोमीटरचे कण बनविले गेले. ४५४ रुग्णांची दोन गटांत विभागणी करून जुने औषध आणि नवे औषध यांची तुलना झाली. जुन्या औषधाने १९ टक्के रुग्णांच्या गाठी आटल्या, तर नव्याने ३३ टक्के. त्यानंतर २००५ साली परवानगी मिळाली. शंभरातले तेहतीस, शंभरातले शंभर नव्हेत. खऱ्या औषधाचा आकडा असा असतो. 'मुळापासून बरा' हे शब्द त्यात येत नाहीत.

व्यापाराच्या दृष्टीने दुसरे उदाहरण मुंबईचे. चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेले कर्करोगाचे एक औषध अमेरिकेत १९९५ सालापासून मिळत होते. तेथे त्याचा तुटवडा पडला, तेव्हा २०१२ साली अमेरिकन सरकारने मुंबईच्या सन फार्मा कंपनीचे त्याच प्रकारचे लिपोडॉक्स तात्पुरते मागवू दिले. म्हणजे या सूक्ष्म मालात आपले लोक मागे नाहीत. पण हा माल परवाना आणि तपासणी यांच्या वाटेने गेला, पत्रकांच्या वाटेने नव्हे.

आता दुकानदार बांधवांसाठी. कर्करोग बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे हा १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याने गुन्हा आहे. पत्रके वाटण्यात सहभागी होणाराही अडचणीत येऊ शकतो. बाटलीमागे निम्मा नफा मिळतो म्हणून ती फळीवर ठेवण्यापूर्वी हा विचार व्हावा. नफा दोन दिवसांचा, आणि गिऱ्हाईकाच्या घरात जे घडेल ते कायमचे. कुश्ते आणि भस्मे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, हे खरे. पण त्यामुळे एखादी बाटली कर्करोगावर लागू पडते, असे सिद्ध होत नाही.

आम्ही कारागीर बंधूंकडे परत गेलो आणि त्यांना त्यांच्याच धंद्याच्या भाषेत विचारले, "कोणी अनोळखी माणूस बांगडी घेऊन आला आणि म्हणाला बावीस कॅरेटची आहे, तर तुम्ही काय करता?"

"कसोटीवर घासतो. आता तर हॉलमार्कचा सहा अक्षरी नंबरही बघतो," ते म्हणाले.

"मग आपाच्या तोंडात घालायच्या वस्तूचा कस कोण पाहणार?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग पत्रक घडी करून त्यांनी खिशात ठेवले आणि पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी ते डॉक्टरांपुढे ठेवू, असे म्हणाले. आपाला घास उतरत नाही, ओकाऱ्या होतात, हेही त्यांनी डॉक्टरांना अजून सांगितले नव्हते. त्यावर औषधे असतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. "आम्हाला वाटलं, हे सोसायचंच असतं," ते म्हणाले.

आमचे सर्व वाचकांना हेच सांगणे आहे. त्रास होत असेल तर तो डॉक्टरांना सांगा. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून याच आजारासाठी उभे आहे आणि गिरगावातून ते फार दूर नाही. पण चालू असलेला उपचार पत्रकाच्या भरवशावर सोडू नका. विक्रेत्याला विचारा, माणसांवर तपासणी कोठे झाली, किती रुग्णांवर झाली, परवाना क्रमांक कोणता? उत्तर मिळाले नाही, तर ती बाटली घरी आणू नका आणि दुकानातही ठेवू नका.